‘चूक माणसाची’ एवढ्यावर रस्ता सुटत नाही

“अपघात लोकांच्या बेशिस्तीमुळे होतात, त्यात महापालिका काय करणार?” मोठा अपघात झाला की हा दावा फिरू लागतो. जोडीला आणखी दोन असतात: वेगमर्यादा उतरवली तर शहर ठप्प होईल, आणि लोकांचं आरोग्य हे दवाखान्यांचं काम. मला तिन्ही अमान्य आहेत.

आधी बेशिस्तीचं. माणूस चुकतो, कबूल. पण ती चूक जिवावर बेतणार का, हे बरंचसं रस्ता ठरवतो. समजा, 14 मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत आलं. चालकाला भानावर यायला एक सेकंद लागला. ताशी 30 किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबते. ताशी 50 ची गाडी त्या एका सेकंदातच 14 मीटर कापते. ब्रेक लागायच्या आत, पूर्ण वेगात धडक. चालक तोच, मूलही तेच. आणि रुंद, सरळ रस्ता बांधून ठेवला की पाटीवर काहीही लिहा, गाड्या 50 नेच जातात. वळणाचा कोपरा आवळला, रस्ता ओलांडणाऱ्याला मध्ये थांबायला दुभाजकावर जागा दिली, तर पाय आपोआप ब्रेकवर जातो. हे काम शहराचंच आहे.

स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये हाच विचार धोरण म्हणून स्वीकारला. 2019 मध्ये शेजारच्या नॉर्वेतल्या ऑस्लो आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीत एकही पादचारी रस्त्यावर दगावला नाही. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत.

शहर ठप्प होण्याची भीती फोल आहे. शहरातला वेळ जातो तो सिग्नलला आणि चौकात. दोन चौकांमध्ये गाडी पळवून आपण पुढच्या लाल दिव्याशी लवकर पोहोचतो, इतकंच. पॅरिसने 2021 मध्ये बहुतेक रस्त्यांवर 30 ची मर्यादा लावली, म्हणून ते काही ठप्प झालं नाही.

राहिला दवाखाना. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 29 वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. हा आरोग्याचा प्रश्न नाही, तर कशाचा? बारा मीटर रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला पंधरा सेकंद लागतात आणि हिरवा दिवा दहातच जातो. दोनदा मध्येच अडकलेली आजी तिसऱ्यांदा फिरायला निघत नाही. मग चालणं सुटतं, गुडघे धरतात, साखर वाढते. सिग्नलची ती पाच सेकंदं वाढवणं कुठल्याही डॉक्टरच्या हातात नाही.