पॅड नवे असूनही ब्रेक वाजतो: तुमच्या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की पुढचे ब्रेक पॅड आमच्याकडे बदलले आणि आठवड्याच्या आत डाव्या चाकातून किच्च आवाज सुरू झाला. दाखवायला आलात, तर कामावरच्या मुलाने "नवे आहेत, बसतील आपोआप" म्हणून परत पाठवलं. आता पाचोऱ्याला एका ठिकाणी दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड ज्यांना धरतात त्या लोखंडी चकत्या) बदला असं सांगितलंय. तुमचं जॉबकार्ड काढून पाहिलं. काम आमच्याकडून अर्धवट झालंय, त्याबद्दल माफ करा. पण डिस्कवर पैसे घालायची घाई करू नका.

तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून इथूनच बरंच कळतंय. गाडी थांबत आली आणि पाय हलका असला की वाजतो, जोरात दाबला की बंद. रिव्हर्स घेऊन पुढे निघालं की पहिल्या ब्रेकला ठक. पायाखाली पेडल थरथरत नाही, स्टिअरिंग हलत नाही. डिस्क वाकडी झाली असती किंवा तिची जाडी कमी-जास्त झाली असती, तर 70-80 च्या वेगात ब्रेक मारताना पेडल पायाला धक्के देतं. तुमच्याकडे ते नाही. किच्च आवाज येतो तो पॅडच्या थरथरीने: पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, असं सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क घंटेसारखी वाजते. जोर दिला की पॅड घट्ट बसतो, थरथर थांबते. ठक आवाज पॅडच्या कानांचा, म्हणजे दोन्ही टोकांना बाहेर आलेल्या पट्ट्यांचा. हे कान ब्रॅकेटमधल्या (पॅड धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटीतल्या) स्टीलच्या क्लिपांत बसतात. क्लिप ढिली असली की रिव्हर्सला पॅड एका बाजूला सरकतो आणि पुढे निघाल्यावर दुसऱ्या बाजूला आपटतो.

तुमच्या जॉबकार्डवर पॅड आहेत, मजुरी आहे. नव्या क्लिपा नाहीत, आणि पिन ग्रीसिंगच्या रकान्यात खूण नाही. म्हणजे जुन्याच क्लिपांत नवे पॅड बसवले गेले. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्या क्लिपांखाली शिरतो आणि वाळून दगड होतो. गाडी धुताना फवारा मारून तो निघत नाही. त्याच्या आत ब्रॅकेटला गंज फुगतो. मग एक कान अडकतो, दुसरा सैल राहतो, पॅड डिस्कवर तिरका टेकतो. क्लिपा उपटून ब्रॅकेट वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासणं हाच त्यावर उपाय आहे. ही पंधरा-वीस मिनिटं वाचवली की नवा पॅडसुद्धा ओरडतो.

कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. तो ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या बाहेर काढून पाहायच्या. हाताच्या बोटांनी ढकलली तर पिन सरकली पाहिजे आणि पिनेवरचं रबरी आवरण (बूट) फाटलेलं नको. जुनं ग्रीस पूर्ण पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावायचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन जाम होते. काही गाड्यांत एका पिनेवर रबराची बुशी असते, ती पिन आपल्याच भोकात परत गेली पाहिजे. पॅडच्या कानांना आणि पाठीला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस अगदी पातळ लागतं. घासणाऱ्या बाजूला त्याचा ठिपकाही नको. पाठीवरची शिम, म्हणजे पातळ पत्रा, जागेवर हवी, ती थरथर खाते.

दुसरी चूक गाडी ताब्यात देताना झाली. तुम्ही लिहिलंय की चौथ्या दिवशी संभाजीनगरहून येताना कन्नडचा घाट उतरलात. नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, हे आम्ही सांगायला हवं होतं. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 15 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये अर्धा मिनिट गाडी तशीच पळू द्यायची. असं आठ-दहा वेळा केलं की काम झालं. तसं न करता लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की पॅडचा वरचा थर भाजतो आणि काचेसारखा चकचकीत होतो. तुमचा डावा पॅड तसाच निघेल असा माझा अंदाज आहे. थर पातळ असला तर सपाट काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पॅड घासू, दोन्ही कडा तिरक्या कापू. आतपर्यंत भाजला असेल किंवा तडे असतील तर पुढचे चारही पॅड नवे घालू.

डिस्कचं आता. कमीत कमी जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. मायक्रोमीटरने कडेपासून साधारण 10 मिमी आत, गोलाकार सहा-आठ ठिकाणी मोजायचं. साध्या व्हर्नियरने मोजलं तर त्याचे जबडे कडेच्या गंजाच्या उंचवट्यावर अडकतात आणि झिजलेली डिस्कही जाड दिसते. डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावून फिरताना डिस्क किती डोलते तेही बघू. 0.1 मिमीच्या पुढे गेलं तर विचार करावा लागतो. पाचोऱ्याच्या मिस्त्रींनी मोजून आकडा दिला असेल तर तो घेऊन या, दोन्ही मापं शेजारी ठेवू. डिस्क खरंच मर्यादेखाली असली तर मीच बदला म्हणेन, आणि जुनी तुमच्या हातात देईन.

शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, कंपनीच्या आकड्याला. लहान गाड्यांना तो साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. एअर गनने वेडेवाकडे आवळले तर नवी डिस्कसुद्धा डोलते.

क्लिपांचा सेट, ग्रीस आणि दोन्ही चाकांची मजुरी यांचा खर्च आमच्याकडे. पॅड लागले तर तेही. जुने पॅड दाखवले नाहीत हीसुद्धा तुमची तक्रार रास्त आहे. या वेळी सगळं तुमच्यासमोर उघडू.

सकाळी नऊला या, गाडी न धुता. दवाने किंवा पाण्याने डिस्कवर आलेला गंज पहिल्या दोन-चार ब्रेकला वेगळाच आवाज काढतो आणि आमची फसगत होते. तोपर्यंत किच्च आवाजावर गाडी जपून चालवायला हरकत नाही. पण लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर आली, पेडल खोल गेलं, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा थोडं चालवल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलं, तर गाडी आहे तिथे उभी करा आणि बिलावरच्या नंबरवर फोन लावा. मिस्त्री तिथे येईल.