पेत्येल्की न्येत!

कोटाच्या कॉलरच्या आत मानेपाशी बोटभर पट्टी शिवलेली असते, खुंटीला अडकवायला. माझ्या कोटाची तुटलीये. कधी तुटली देव जाणे, मी काय तिच्याकडे रोज बघतो का. पण गेल्या शनिवारी मॉस्कोतल्या एका थिएटरात (नाव सांगत नाही, परत जायचंय) त्या बोटभर पट्टीवरून माझी जी शोभा झाली, तिचा राग अजून डोक्यातून जात नाहीये.

इथे ओव्हरकोट घालून नाटकाला बसायचं नसतं. बाहेर उणे चौदा आणि आत हीटिंग एवढं की पापड वाळावेत. त्यामुळे गार्देरोबच्या काउंटरवर कोट द्यायचा आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा. बायका तर घरून पिशवीत सँडल आणतात आणि चिखलाचे बूट तिथेच बदलतात. माझ्या शेजारची बाई माझा खांदा धरून एका पायावर उभी राहून बूट काढत होती, ओळख ना पाळख, मी म्हणजे खांबच.

तर काउंटरमागे आजीबाई. साधारण पंच्याहत्तर वय, अंगावर निळा झगा, चष्मा दोरीला. कोट घेतला, कॉलर उलटी केली, बोट फिरवलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पेत्येल्की न्येत!" म्हणजे पट्टी नाही. मी म्हटलं कोटाच्या टोपीला अडकवा. टोपी फाटते. कॉलरला अडकवा. कॉलर घसरते. हँगर? आजी हसली. मागे नुसते हूक, शेकड्याने.

"मलदोय चिलव्येक," आजी म्हणाली. म्हणजे तरुण माणसा. मी एकोणपन्नासचा आहे. "बायको आहे?"

"आहे. पुण्यात."

"असं," आजी म्हणाली, आणि रांगेतल्या चार बायकांनी एकदम माना हलवल्या, सगळा उलगडा झाल्यासारख्या.

इथे माझी सटकली. पुण्यात कोट लागतोच कुठे, लागला तर दाराच्या खिळ्याला लटकतो, खिळा पट्टी मागत नाही! मी कोट परत अंगात चढवला आणि म्हटलं जातो घरी, तिकीट गेलं तर गेलं. तर आजीने काउंटरवरून हात लांब करून माझी कॉलर धरली, मला गर्रकन पाठमोरा केला, झग्यात टोचलेली सुई काढली, लाल दोरा, आणि माझ्या अंगावरच शिवायला सुरुवात केली. वर दोऱ्याचा एक तुकडा तोडून माझ्या तोंडात कोंबला. चाव म्हणाली. अंगावरचे कपडे शिवताना दोरा तोंडात धरला नाही तर स्मरणशक्ती पण शिवली जाते, असा इकडे समज आहे.

म्हणजे बघा, मानेला गार सुई लागतेय, तोंडात दोरा, बोलता येत नाही, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांना प्रश्न सुचतात. कुठला? किती वर्षं झाली इथे? उण्यात टोपी का घालत नाही, मेंदूला सूज आली तर? आई आहे का, तिला माहितीये का? मी नुसता हं हं. दुसरी घंटा झाली. इथेही आपल्यासारखी तिसरी घंटा असते आणि ती झाल्यावर पडदा कोणासाठी थांबत नाही. सुई मात्र निवांत.

रशियन लोकांत म्हण आहे की थिएटर व्येशल्कापासून सुरू होतं. व्येशल्का म्हणजे कोटांची खुंटी, आणि गंमत म्हणजे ती तुटलेली पट्टी पण. हे नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच्या नावावर खपतं. त्याने १९३३ साली आपल्या आर्ट थिएटरच्या गार्देरोबवाल्यांना पत्र लिहून कळवलं होतं की आमच्याकडे प्रेक्षक दारातून आत आला की प्रयोग सुरू होतो. बरोबर आहे हो, पण प्रेक्षकाला त्यात काम करायला लावू नका ना.

नाटक होतं चेखॉवचं 'तीन बहिणी', १९०१ सालचं. त्या बिचाऱ्या चार अंकभर मॉस्कोला जायचं, मॉस्कोला जायचं करतात आणि शेवटपर्यंत जात नाहीत. पूर्वी मला वाईट वाटायचं. आता वाटतं, सुटल्या.

आजीने मला वर दुर्बीण पण भाड्याने घ्यायला लावली. ती घेतली की सुटताना कोटाच्या रांगेत थांबावं लागत नाही, आधी दुर्बीणवाले. सहाव्या रांगेत दुर्बीण लावून बसलो, नटाच्या दाढीचा डिंक दिसत होता. आणि विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला खरंच लागलं. नऊ वर्षं इथे टॅक्स भरतोय, भाषा शिकलो, पण दर हिवाळ्यात कोणीतरी मला आईविना पोर असल्यासारखं तपासतं. मायेने करतात म्हणे. मायेला आवाज थोडा कमी ठेवता येत नाही का?

दोरा चावल्याने स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे, त्या चार बायकांचे चेहरे अजून पाठ आहेत.

मंगळवारी दात दाखवायला क्लिनिकमध्ये गेलो. तिथे पण गार्देरोब, तिथे पण आजी. मी ऐटीत कोट दिला. तिने कॉलर उलटी केली, लाल दोरा बघितला, चष्मा लावून परत बघितला.

"हे कोणी शिवलंय असलं वाकडं?"

आणि ड्रॉवर उघडून कात्री शोधायला लागली.