२१४ फोटो, एक फाइल

सहलीचे २१४ फोटो 'डाउनलोड्स'मधून उचलून 'सहल' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे, एवढंच काम होतं. माउसने सगळे निवडून ओढले असते तर अर्ध्या मिनिटात आटोपलं असतं. पण त्याच आठवड्यात भाच्याने मला टर्मिनल, म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करून कॉम्प्युटरला कामाला लावायची काळी खिडकी, शिकवलं होतं. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात; माझा तिसरा चालू होता.

त्या खिडकीत मी ऐटीत फॉर लूप, म्हणजे तेच काम प्रत्येक फाइलवर करायचा हुकूम, लिहिला. इथली एकेक फोटो-फाइल घे आणि एमव्ही (फाइल हलवायची कमांड) करून 'सहल'मध्ये टाक. एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कर्सर पुन्हा लुकलुकायला लागला. ना 'झालं', ना 'आणखी काही?' टर्मिनलचा स्वभावच तसा: काम फत्ते झालं की मुकं, बिनसलं की बोलतं. त्या मुकेपणावर खूश होऊन मी हाक मारली, "अगं, २१४ फोटो एका सेकंदात हलवले!"

"दाखव," बायको म्हणाली.

काय काय आहे ते दाखवणारी एलएस कमांड मारली. 'सहल' दिसत होतं. फक्त तो फोल्डर नव्हता, फाइल होती. उघडली तर आत एकच फोटो, आणि त्यात लेन्सवर आलेला माझा अंगठा.

भाच्याला फोन लावला.

"मामा, 'सहल' फोल्डर आधी बनवला होतास ना?"

"एमव्ही नाही बनवत?"

पलीकडेही शांतता पसरली, पण ती काम फत्ते झाल्याची नव्हती.

त्याने सांगितलं ते असं. एमव्ही फाइल हलवतं आणि फाइलचं नावही बदलतं, दोन्ही खाती त्याच्याकडेच. 'सहल' नावाचा फोल्डर सापडला नाही, म्हणून त्याने पहिल्या फोटोचं बारसं करून नाव ठेवलं 'सहल'. मग दुसऱ्याचंही 'सहल', पहिल्याच्या उरावर. असं शेवटच्या अंगठ्यापर्यंत. "मग विचारायचं तरी!" मी ओरडलो. विचारतं, पण कमांडला डॅश आय (-i) जोडलं तर. डॅश एन लावलं असतं तर आधीच्या फाइलला हात न लावता पुढे गेलं असतं. शेवटी नुसती एक तिरकी रेघ, म्हणजे 'सहल'नंतर स्लॅश, दिली असती तरी 'असा फोल्डर नाही' म्हणून अडून बसलं असतं. माझे फोटो एका रेघेपायी गेले. आणि इथे रीसायकल बिन नाही; गेलं ते गेलं.

हा तुसडेपणा मुळातला आहे. या कमांडी ज्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममधून आल्या ती १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जन्माला आली, तेव्हा पुढ्यात पडदा नसायचा. टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरं खडखडत कागदावर छापायचं. एवढ्या संथ यंत्रावर 'आपण खरंच पुढे जाऊ इच्छिता का?' कोण छापत बसणार? म्हणून कॉपीचं सीपी झालं, मूव्हचं एमव्ही, रिमूव्हचं आरएम. काटकसर इतकी की फाइल बनवायच्या 'क्रिएट' या हुकमाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई सुद्धा गळाला. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलशील, असं युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की तो ई लावीन. मी असतो तर आधी एमव्हीकडे बघितलं असतं.

मूळ फोटो मोबाइलमध्ये होते म्हणून घरातली शांतता टिकली. ते पुन्हा उतरवले आणि दुसऱ्या खेपेला मी शहाण्यासारखा वागलो. आधी एमकेडीआयआर या कमांडने फोल्डर बनवला. मग लूपमधल्या एमव्हीच्या आधी इको हा शब्द लावला. ही युक्ती मात्र लाखमोलाची: इको लावलं की कमांड चालत नाही, काय चाललं असतं ते नुसतं छापून येतं. रंगीत तालीमच म्हणा ना. फाइलच्या नावात मोकळी जागा असली की एका फाइलच्या दोन होतात, म्हणून अवतरणचिन्हंही घातली. जुनी कमांड शोधायला वरचा बाण चाळीसदा दाबत बसलो नाही. कंट्रोल आर दाबून दोन अक्षरं टाइप केली की ती हजर. अर्थात पहिली हजर झाली ती कालचीच, बिनस्लॅशची. एंटरवर टेकलेलं बोट तसंच मागे घेतलं.

तालीम झाली, प्रयोग झाला, २१४ फोटो जागेवर बसले. समाधानाने, हाताच्या जुन्या खोडीने, मी सेव्ह करायला कंट्रोल एस दाबलं.

आणि सगळं गोठलं. अक्षर उमटेना, कर्सर हलेना. एंटर, पुन्हा एंटर. मग रोमन लिपीत 'चालू हो बाबा' असं लिहून एंटर. त्यापुढे दोन-तीन ओळी अशा लिहिल्या की त्या इथे देता येणार नाहीत. पुन्हा फोन.

"कंट्रोल एसने छपाई थांबते, मामा. टेलिटाइपच्या काळापासून. कंट्रोल क्यू दाब."

दाबलं. तोवर टाइप केलेलं सगळं त्याने इमानेइतबारे राखून ठेवलं होतं. एकेक ओळ धडाधड पडद्यावर आली आणि प्रत्येकीखाली उत्तर: 'चालू : कमांड नॉट फाउंड'. त्याखाली माझ्या शिव्या, त्याही एकेक करून शोधलेल्या आणि न सापडलेल्या.

बायको मागेच उभी होती. "हे कोणाला लिहिलंयस?"