उसळ करायची नाही ती

परवा आई ओट्यापाशी वाडगा घेऊन शेंगा सोलत बसलेली. वालाच्या नव्हेत, मागच्या अंगणातल्या रानल्युपिन नावाच्या फुलझाडाच्या, लवदार. "अगं, ग्रुपवर आलंय, वालासारखी उसळ होते म्हणे."

मग तो मेसेज वाचला. अमेरिकेतल्या मराठी बागवाल्यांसाठी: ल्युपिन लावा, फुलपाखरं वाचवा, कुठलंही चालतं, खत भरपूर घाला, शेंगा खा, जुलैत वाफा पिवळा, अजागळ होतो म्हणून थंडीआधी सगळं कापून स्वच्छ करा.

आधी शेंगा. या बियांत कडू, विषारी अल्कलॉइडं असतात. तोंड कोरडं पडतं, नजर अंधुक होते, चक्कर येते. इटालियन दुकानातल्या बरणीतल्या 'लुपिनी' वेगळ्या जातीच्या, आणि त्यासुद्धा उकडून, कित्येक दिवस पाणी बदलत ठेवतात तेव्हा कुठे खाण्याजोग्या होतात. कुकरच्या चार शिट्ट्यांनी हे विष जात नाही. शिवाय शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ल्युपिनचीही निघू शकते. वाडगा मी कचऱ्यात रिकामा केला. आई दिवसभर गप्प.

"कुठलंही चालतं"? आम्ही राहतो न्यूयॉर्कमधल्या आल्बनीजवळ. इथल्याच कार्नर गावावरून नाव पडलेलं कार्नर ब्लू हे इवलं निळं फुलपाखरू 1992पासून संकटग्रस्त यादीत आहे. अमेरिकेचं मत्स्य व वन्यजीव खातं स्पष्ट सांगतं की त्याच्या अळ्या फक्त रानल्युपिन, म्हणजे ल्युपिनस पेरेनिस, खातात. नर्सरीतलं उंच, रंगीबेरंगी ल्युपिन अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जातीपासून केलेलं संकरित. त्यावर बंबलबी येतात, हे मान्य. ती बसली की खालची जोडपाकळी दाबली जाते आणि टोकातून परागकण पेस्टसारखे बाहेर येतात. तासभर बघत बसावं. पण अळीला त्याचा उपयोग नाही. आणि तुमच्या-माझ्या एका वाफ्याने कार्नर ब्लू वाचत नाही, हेही खरं.

खताचं काय बोलायचं! हे द्विदल, मुळांच्या गाठींतून नत्र स्वतःच मिळवतं. त्याला ऊन आणि रेताड जमीन द्या, पुरे.

वाफा जुलैत पिवळा, अजागळ दिसतो, यात मेसेजचं चुकलं नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे पुढे केशरी फुलांचं बटरफ्लाय वीड आणि विटांची कड. कापणं मात्र नको. कार्नर ब्लूची अंडी थंडीभर तिथेच, खोडांवर नि पाचोळ्यात असतात.

झाडावर उरलेल्या शेंगा आता उन्हात तडकतायत. बिया पार पायरीपर्यंत उडतात. आज आईने मूठभर वेचून आणल्या. "ह्या पेरायच्या तरी ना?"

हो. सोटमूळ खोल जातं, उपटून लावलेलं रोप बहुधा रुसतं. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

"म्हणजे पुढच्या व्हिसाला," आई म्हणाली.