चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप

आज दुपारी साडेचारच्या सुमारास वाईहून शेजारच्या काकूंचा फोन आला. अण्णांच्या घरातली वीज दुपारपासून गेलेली आहे, बाकी सगळ्या आळीत मात्र वीज आहे, आणि अण्णा दार उघडायला तयार नाहीत, असे त्या सांगत होत्या. मी तशीच पुण्याहून निघाले. पोहोचले तेव्हा अंधार पडत आला होता. एप्रिलच्या उकाड्यात सगळ्या खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून माझे ७६ वर्षांचे वडील खाटेवर बसले होते. फ्रिजमधले दूध नासले होते. वीज गेलेली नव्हतीच, अण्णांनी स्वतः मेन स्विच बंद केला होता. लॅपटॉप सोलापुरी चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेला होता आणि कपाटाला कुलूप होते.

झाले होते ते असे. जेवणानंतर अण्णा नेहमीप्रमाणे एका नामांकित मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावर धरणांमधील पाणीसाठ्याची बातमी वाचत होते. बातमीच्या मधोमध 'पुढे वाचा' असे हिरवे बटण होते. ते बातमीचे नव्हते, जाहिरातीचे होते, पण तसे कळावे अशी एकही खूण तिथे नव्हती. (मी माझ्या फोनवर तीच बातमी उघडून पाहिली, म्हणून खात्रीने लिहीत आहे.) त्यावर क्लिक करताच पडदाभर लाल पान पसरले, भोंगा वाजू लागला आणि एक बाई इंग्रजीतून सांगू लागली की या संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरली जात आहे, संगणक बंद करू नका, दिलेल्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. अण्णांनी तो क्रमांक वहीत उतरवून घेतला. चार्जरची पिन काढली तरी आवाज थांबेना, तेव्हा त्यांना वाटले की हे घरातल्या वायरिंगमधूनच येत आहे, म्हणून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, त्यामुळे बाई बोलतच राहिली. शेवटी घाबरून झाकण मिटले तेव्हा ती थांबली. मग त्यांनी कपाटातून चादर काढली.

अण्णा भोळे आहेत असे कुणी म्हणू नये, कारण त्यांनी छत्तीस वर्षे पोस्टात काम केले आहे. मनीऑर्डरच्या पावतीवरचा अंगठा उजव्या हाताचा आहे की डाव्या, हे ते सांगू शकत. विधवा बाईच्या नावाने आलेले पैसे दिराच्या हाती पडू नयेत म्हणून भर पावसात तीन किलोमीटर चालत जाणारा हा माणूस आहे. अशा माणसाला चार तास स्वतःच्या घरात कोंडून बसायला लावणारी वस्तू एका प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या पानावरून त्यांच्यासमोर आली, या गोष्टीचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण सगळेच आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच सल्ला देत आलो आहोत, की भलत्यासलत्या ठिकाणी जाऊ नका, नावाजलेल्या संकेतस्थळांवरच जा. अण्णांनी तो अक्षरशः पाळला. ते चित्रपट फुकट उतरवायला गेले नव्हते, अनोळखी दुव्यावर गेले नव्हते, ते बातमी वाचत होते. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असले की पान सुरक्षित, हेही मीच त्यांना कधीतरी सांगितले होते आणि ते अर्धवट होते. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा सज्जन आहे की चोर, हे ते कुलूप सांगत नाही.

नावाजलेल्या संकेतस्थळावर हे येते कसे, ते समजून घेतल्यावर माझा राग वाढलाच. बातमीच्या पानावर जाहिरातीसाठी जी चौकट मोकळी ठेवलेली असते, तिचा लिलाव आपण पान उघडतो त्या क्षणी, सेकंदाच्या अंशात, यंत्रांमध्ये होतो. जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात तिथे दिसते. संपादकाने ती पाहिलेली नसते, जाहिरात विभागाने पाहिलेली नसते, आणि पुष्कळदा ती कोणत्या कंपनीमार्फत आली हेही पानाच्या मालकाला ठाऊक नसते. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रावर सप्टेंबर २००९ मध्ये हेच घडले होते. एका परिचित टेलिफोन कंपनीचे नाव सांगून कुणीतरी जागा विकत घेतली, आधी साध्या जाहिराती दाखवल्या, आणि शनिवार-रविवार गाठून त्यांच्या जागी 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असे सांगणारे खोटे पान आणून बसवले. मार्च २०१६ मध्ये बीबीसी आणि न्यूयॉर्क टाइम्स यांच्यासह अनेक मोठ्या संकेतस्थळांवर जाहिरातींच्या वाटेने संगणकात शिरू पाहणारे खरे घातक प्रोग्रॅम पसरवले गेले. इतक्या वर्षांनंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे उत्तर मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या नावातली चूक दुरुस्त करण्यासाठी चार ओळींची जाहिरात द्यायला मी एका वृत्तपत्राच्या कचेरीत गेले होते. खिडकीवरच्या गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र मागितले, ओळखपत्राची प्रत मागितली, मजकुरातला एक शब्द बदलायला लावला. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट बरे वाटले, कारण छापलेल्या शब्दाची जबाबदारी कुणीतरी घेत होते. मग कागदावर चार ओळी छापण्याआधी प्रतिज्ञापत्र मागणारा हा व्यवसाय पडद्यावरची चौकट मात्र नाव-गाव न विचारता कुणाच्याही हवाली कशी करतो? कागदाचा वाचक तेवढा वाचक आणि अण्णा कोण?

जाहिराती नसतील तर बातम्या फुकट मिळणार नाहीत आणि तालुक्याच्या वार्ताहराचा पगार निघणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही त्या पगाराची किंमत माझ्या वडिलांच्या चार तासांच्या भीतीतून वसूल व्हावी, हे मला मान्य नाही.

मी मेन स्विच सुरू केल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "अँटिव्हायरसचे पैसे मी दरवर्षी भरतो, मग हे शिरले कसे?" त्यांना पटायला अर्धा तास लागला की काहीच शिरलेले नव्हते. ते पान म्हणजे एक चित्र आणि एक ध्वनिमुद्रण होते. ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये, उघडलेले कुठलेही पान तुमच्या संगणकातल्या फाइली तपासून त्यात व्हायरस आहे की नाही हे सांगू शकत नाही, त्याला तेवढी मुभाच नसते. त्यावर तुमच्या उपकरणाचा प्रकार आणि जवळच्या शहराचे नाव दिसते, कारण ती माहिती प्रत्येक संकेतस्थळाला आपोआप कळते, आणि तेवढ्यानेच माणूस गार होतो. 'अगं, त्यावर सातारा लिहिलेलं होतं,' असे अण्णा मला तीनदा म्हणाले. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्ट सांगून ठेवले आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन क्रमांक कधीच नसतो. अशा पानाने पडदा व्यापला तर कीबोर्डवरची एस्केपची (Esc) कळ काही क्षण दाबून धरावी, तेही जमले नाही तर संगणकाचे पॉवर बटण बंद होईपर्यंत दाबून ठेवावे, आणि पुन्हा सुरू केल्यावर 'आधीची पाने उघडू का' असे ब्राउझरने विचारले तर नकार द्यावा. मेन स्विचपर्यंत जावे लागत नाही.

इथे एक गोष्ट मला जपून लिहावीशी वाटते, कारण रागाच्या भरात 'सगळे इशारे खोटे असतात' असे सांगितले तर दुसरेच संकट ओढवेल. क्रोम किंवा फायरफॉक्ससारखा ब्राउझर एखादे धोक्याचे पान उघडण्याआधीच स्वतःचे लाल पान दाखवून आपल्याला अडवतो, तो इशारा खरा असतो आणि तो मानलाच पाहिजे. खरा इशारा तुम्हाला मागे फिरायला सांगतो. त्यात भोंगा नसतो, उलटी मोजणी नसते, फोन करा अशी आज्ञा नसते. घाई करणारा आणि फोन करायला लावणारा इशारा, मग तो कितीही मोठ्या वृत्तपत्राच्या पानावर उगवलेला असो, चोराचाच असतो.

अण्णांनी वहीत उतरवून घेतलेला तो क्रमांक मी पाहिला. मनीऑर्डरचे आकडे लिहायची सवय असलेले ते सुबक, सुटे अंक आणि खाली दोनदा ओढलेली रेघ. त्यांनी फोन उचलला होता, पहिले चार अंक फिरवले होते आणि मग ठेवून दिला होता. का ठेवला, हे त्यांना नीट सांगता आले नाही. तो फोन लागला असता तर पलीकडून एखादा गोड आवाजाचा मुलगा बोलला असता, त्याने एनीडेस्कसारखे दुरून संगणक चालवण्याचे अ‍ॅप उतरवायला लावले असते, आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत त्यांचे पेन्शनचे खाते उघडले असते. याच अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. आणि पैसे गेले असते तर? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणजे भीती घालणारा मोकळा, चौकट विकणारा मोकळा, आणि दोषी फक्त घाबरलेला माणूस.

पलीकडचा तो मुलगाही परका नसतो, याचे मला फार वाईट वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा अमेरिकन नागरिकांना कर खात्याच्या नावाने धमकावणारी शेकडो तरुण मुले तिथे नोकरीला होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात मोठ्या कंपन्यांचे तांत्रिक साहाय्य करतो असे भासवून परदेशी लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्याही होत्या. तिकडच्या कुणाच्या तरी आजोबांना आपली मुले घाबरवत होती, तेव्हा आपण ती बातमी वाचून पान उलटले. मीही उलटले होते.

इथवर लिहून मी थोडा वेळ थांबले होते, कारण पुढचे लिहिणे मला जड जात आहे. महिन्याभरापूर्वी अण्णांनी मला फोनवर सांगितले होते की मोबाइलवर दिवसातून दहा वेळा 'व्हायरस सापडला' असे संदेश येतात. मी तेव्हा बैठकीत होते. मी म्हटले, "अण्णा, तुम्हीच कुठेतरी काहीतरी दाबलं असेल." ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आज दुपारी एवढा भोंगा वाजत असताना, घरातली वीज तोडण्यापर्यंत वेळ आली असताना त्यांनी मला फोन का केला नाही, असे मी विचारले, तेव्हा ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "तू म्हणाली असतीस, मीच काहीतरी दाबलं." चोरांना माणसाची भीती जेवढी उपयोगी पडते, तेवढीच ही लाजही पडते, आणि ती लाज त्यांच्या मनात मी घातली होती.

आज रात्री त्यांचा मोबाइल मांडीवर घेऊन बसले. ते संदेश व्हायरसचे नव्हतेच. 'सूचना पाठवू का' असे विचारणाऱ्या संकेतस्थळांना कधीतरी होकार गेलेला होता आणि ती संकेतस्थळे त्या वाटेने हे इशारे पाठवत होती. अशी अकरा नावे निघाली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन आम्ही दोघांनी एकेक परवानगी काढून टाकली. प्रत्येक नाव अण्णा मोठ्याने वाचत होते, मी बंद करत होते. त्यात एक पंचांगाचे होते, दोन बातम्यांची होती. लॅपटॉप हाती आला की त्यावर जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, घालणार आहे. वृत्तपत्रांना ते आवडणार नाही, परंतु अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींपासून बचाव म्हणून नागरिकांना हाच उपाय सुचवला होता, तेव्हा माझ्या मनाला त्याची टोचणी नाही. वहीतला क्रमांक मी केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर संशयित म्हणून नोंदवला आहे. आणि १९३० हा मदतीचा क्रमांक अण्णांनी त्याच वहीत, त्याच पानावर, आपल्या हाताने लिहिला. पैसे गेले असतील तर पहिल्या तासा-दोन तासांत तिथे फोन केल्यास ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता अधिक असते, हे मी त्यांना सांगितले. त्या दैनिकालाही मी सविस्तर ईमेल लिहिला आहे, वेळ आणि बातमीचा दुवा देऊन. उत्तराची मी वाट पाहणार आहे, आणि आले नाही तर पुन्हा लिहिणार आहे.

जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या पेपरवाल्याला सांग, पूर्वीसारखा घरी टाकत जा." कोणता पेपर, असे मी विचारले, तर त्यांनी त्याच दैनिकाचे नाव घेतले. चाळीस वर्षांची सवय आहे. आई गेल्यापासून दुपारचे दोन तास ते लॅपटॉपवर याच दैनिकाच्या सगळ्या आवृत्त्या वाचत असत, साताऱ्याची, सांगलीची, अगदी नागपूरचीही, आणि संध्याकाळी मला फोन करून विदर्भात गारपीट झाल्याचे सांगत असत. छापील अंकात नागपूरची आवृत्ती येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

साडेअकरा वाजले आहेत, पंखा चालू आहे आणि अण्णा झोपले आहेत. कपाटाची किल्ली त्यांनी उशाखाली ठेवली आहे. मी ती मागितलेली नाही.