मॉरिशस म्हणजे मामाचं गाव नाही हो मामाजी

परवा रात्री साडेदहाला वरुडहून, म्हणजे अमरावतीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातून, मामाजींचा फोन. आमच्यात एवढ्या रात्री फोन आला म्हणजे एक तर कोणी गेलं, नाही तर कोणाच्या विहिरीवरची मोटार जळाली. घाबरत उचलला तर मामाजी म्हणते, "भाचे, संत्र्याची कलम विमानात हातात धरून चालते का सामानात टाका लागते?"

झालं असं की पोरगी-जावयानं मामाजी-मामीजींच्या लग्नाच्या पंचविशीला मॉरिशसचं रिसॉर्ट ठरवलं, आणि तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला. तुमच्याकडेही आला असणारच, मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर संत्र्याच्या भावाचा ग्रुप आहे. "मॉरिशस म्हणजे परदेशातलं आपलं घर, एजंट सांगत नाही त्या 7 गोष्टी." व्हिसा नाही, कागद नाही. दहावी नापासवाल्याला सोडत नाही. तिथं रुपयाच चालतो. सगळे मराठी बोलतात. जानेवारी-फेब्रुवारीत जा, अर्ध्या भावात होते. दुबईवरून जा, दोन दिवस दुबई फुकटात. आणि सातवं, घरचं खाणं, फळं, रोपं, खर्रा (आमच्याकडची घोटलेली सुपारी-तंबाखू) सगळं बिनधास्त न्या, आपलीच माणसं आहेत, कोणी अडवत नाही.

सातव्यापासूनच सुरू करतो, कारण त्याच्यापायी मामाजींनी शेंदुरजना घाटच्या नर्सरीतून डोळा बांधलेली कलम आणून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती, तिथल्या मराठी मंडळींना भेट म्हणून. वरून दोन डझन संत्री. मॉरिशसमध्ये झाड, बी, ताजं फळ न्यायचं तर त्यांच्या कृषी खात्याचा परवाना आधी काढावा लागते, नाही तर विमानतळावरच जप्त. आणि हे दुसऱ्या कोणाला समजवावं लागलं असतं तर ठीक, पण वरुडच्या बागायतदाराला? मी विचारलं, मामाजी, तुमच्या बागेत डिंक्या रोग कुठून आला? म्हणते, कलमेतून. आणि पानं काळी करणारी कोळशी? शेजारच्या बागेतून. मग त्या बेटावर काही रोग तुमच्या पोत्यातून उतरला तर ते लोक काय म्हणतील? पाच सेकंद फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणते, "हे त्या मेसेजात नव्हतं ना बे."

पण खरा धोका कलमेचा नाही, कलम जप्त झाली तर जीव जात नाही. धोका आहे सहावा आणि सातवा मुद्दा एकत्र केल्यावर. मामीजींनी अनारसे करायला घेतले होते. अनारसा म्हणजे वर खसखस आलीच. आणि मामाजींच्या खिशात खर्रा नाही असा दिवस मी तरी पाहिला नाही. आता हे दोघं दुबईत उतरून दोन दिवस फिरणार! खसखस तिकडे मादक पदार्थांच्या कायद्यात येते, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्यासाठी ती किराणा दुकानातली पुडी आहे, त्यांच्यासाठी नाही. आणि पानाचं म्हणाल तर यूएई सरकारच्या अधिकृत पोर्टलवर मनाई असलेल्या वस्तूंची यादी आहे, ती मी मामाजींना वाचून दाखवली. ड्रग्ज, खोट्या नोटा, हस्तिदंत, जादूटोण्याचं सामान, आणि त्याच यादीत पानाचं सामान, विड्याच्या पानासकट. खोट्या नोटांच्या शेजारी बसवलंय त्यांनी पान! खर्रा तिथं काढून दाखवायची हिंमत असेल त्यानं न्यावा. हा मेसेज लिहिणाऱ्यानं "बिनधास्त न्या" लिहून टाकलं, विमानतळावर उभं मामीजींना राहायचं आहे, त्याला नाही.

बरं दुबई फुकट हेही खोटं. भारतीय पासपोर्टवर विमानतळाच्या बाहेर पडायचं तर साधारणपणे व्हिसा लागते, त्याचे पैसे, हॉटेलचे पैसे. त्यापेक्षा मुंबईहून थेट विमान आहे, साधारण साडेसहा तासात पोचवते. तेच घ्या.

दहावी नापासचं तर डोकंच फिरवते. मामाजी नववी शिकलेले, पासपोर्टवर ईसीआर (परदेशी जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा), त्यामुळे दोन दिवस ते "मी नाही येत, तुम्हीच जा" करत बसले होते, मामीजी रडायला आल्या. ईसीआर हा नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. ठरलेले 18 देश आहेत, सौदी, कुवेत, यूएई, मलेशिया वगैरे, तिथं मजुरीला कोणी फसवून नेऊ नये म्हणून आधी मंजुरी घ्यावी लागते. मॉरिशस त्या यादीत नाहीच. आणि फिरायला जाणाऱ्याला तर त्या 18 देशांतही ती मंजुरी लागत नाही. परतीचं तिकीट आणि बुकिंगचे कागद जवळ ठेवा, बस.

व्हिसाचं अर्धं खरं आहे, मान्य. आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथं उतरल्यावर देतात आणि फी नाही. पण "कागद नाही" हे कोणी सांगितलं? परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, खर्चाला पुरतील एवढे पैसे, हे विचारतात. निघायच्या आधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागते. तो जावई भरेल.

रुपया चालतो हेही खरंच आहे, फक्त तो त्यांचा रुपया आहे! मॉरिशसचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात जाते. मेन्यूत जेवण 1500 दिसलं की आपले तीन हजाराच्या जवळपास गेले समजा. मामाजींनी मेसेजवर भरवसा ठेवून हिशोब करून ठेवला होता, तो सगळा पुन्हा केला. फेब्रुवारी 2024 पासून तिथं यूपीआय सुरू झालं हे खरं, पण सगळ्या दुकानात नाही आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशासाठी ते आधी चालू करावं लागते.

मराठी माणसं आहेत, हेही मानतो, नाही म्हणून कसं चालेल. 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे, मजूर नेले त्यात आपली कोकणाकडची माणसं होती, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही बसला. पण रोजचं बोलणं क्रिओल या तिथल्या भाषेत, आणि टॅक्सीवाला, रिसॉर्टचा वेटर क्रिओल-फ्रेंच-इंग्रजीतच बोलणार. "काहून बे" म्हटल्यावर तो फक्त हसेल.

राहिला सीझन. हा मुद्दा आपल्याकडे जास्त घातक, कारण कापूस-तुरीचे पैसे हातात येतात तेच दिवस, जानेवारी-फेब्रुवारी, आणि तिथं तेच चक्रीवादळाचे महिने. जानेवारी 2024 मध्ये बेलाल नावाचं वादळ आलं, राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावरच्या गाड्या पाण्यात तरंगल्या, विमानतळ बंद केला होता. स्वस्त मिळालंच तर ते उगाच नाही. मे महिन्यात जा. ते बेट विषुववृत्ताच्या खाली, आपला उन्हाळा म्हणजे त्यांचा हिवाळा सुरू. इकडे 45 डिग्रीत कूलरसमोर पाठ करून बसण्यापेक्षा तिकडे 26-27 मध्ये समुद्र पाहा, आणि मृगाच्या आत पेरणीला परत या. मे म्हटल्यावर मामाजी खूश, तेव्हा तसंही शेतात काम नसते म्हणे.

काल पुन्हा फोन झाला. मामीजी म्हणाल्या खसखशीशिवाय अनारसा म्हणजे अनारसाच नाही, त्यापेक्षा चिवडा नेते. कलम मामाजींनी धुऱ्यावर लावून टाकली. खर्र्याचं मात्र अजून काही बोलले नाहीत.