एक नंबरची सुई

आमच्या शोकेसच्या खालच्या खणात या घडीला अठरा सुया आहेत. त्यांतली एक मोडलेली आहे, आणि ज्या मोज्यांच्या जोडीसाठी त्या जमवल्या, त्या जोडीतला एकही मोजा अद्याप पूर्ण झालेला नाही.

कोल्हापुरात मोजे हवेत कोणाला, असे मला निदान दहा जणांनी विचारले असेल, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. अंगठ्यात चप्पल अडकवून, तिला तेल पाजून, करकर वाजवीत महाद्वार रोडने जाणाऱ्या माणसाला मोजा ही अडचणच आहे. परंतु आमच्या सौभाग्यवतींच्या टाचांना डिसेंबर लागला की भेगा पडतात. रात्री त्या टाचांना कोकमतेल चोपडून मोजे घालून झोपतात आणि सकाळी उठल्यावर दुकानच्या मोज्याच्या इलॅस्टिकने घोट्यावर उठवलेला वळ मला अशा नजरेने दाखवतात, की जणू तो मीच उठवला आहे. शिवाजी उद्यमनगरात अडतीस वर्षे लेथवर काढून मी निवृत्त झालो तेव्हापासून माझे हात रिकामे आहेत आणि रिकाम्या हातांनी मी घरातला मिक्सर दोनदा खोलला आहे. लहानपणी आईच्या शेजारी बसून उलट-सुलट टाके शिकलो होतो, हे एकदा बोलण्याच्या ओघात निघून गेले. ‘मग मोजेच विणा की,’ असा हुकूम सुटला आणि मिक्सर वाचला.

मोजा म्हणजे एक नळी असते. टोकाला बोंड असलेल्या दोन लांब सुयांवर जे विणले जाते ते पट्टीसारखे सपाट असते. त्याची नळी करायची म्हणजे कडा शिवणे आले, आणि ती शिवण नेमकी तळव्याखाली टोचते. म्हणून मोजा गोल विणायचा, म्हणजे टाके सुयांवर वर्तुळात बसवायचे आणि न उलटवता एकाच दिशेने विणत राहायचे. हिशेब मी लेथवाल्याच्या शिस्तीने केला. सौभाग्यवतींच्या पंजाचा घेर बावीस सेंटिमीटर भरला (व्हर्निअर लावू दिला नाही, टेपवर भागवावे लागले). मोजा पायाला घट्ट बसावा म्हणून त्यातून दहावा हिस्सा वजा केला. उरलेल्या सुमारे आठ इंचांना इंचाला आठ टाके, म्हणजे एकूण चौसष्ट. हे गणित पाच मिनिटांत झाले. एवढ्या बारीक विणीला सुई किती जाडीची आणि कोणत्या जातीची, या प्रश्नाने मात्र आमचा हिवाळा खाल्ला.

मोबाइलवरच्या एका चित्रफितीत एक अमेरिकन बाई ‘मोज्याला नंबर एकची सुई’ असे ठासून सांगत होत्या. मी तेच शब्द घेऊन महाद्वार रोडवरच्या लोकरीच्या दुकानात गेलो.

“एक नंबरची सुई द्या,” मी म्हणालो.

“काका, आपल्याकडं सगळाच माल एक नंबर असतोय,” दुकानदार म्हणाला आणि पुढे, “काकूंना पाठवा की, त्यांना कळतंय.”

मलाच हवी आहे, हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, माळ्यावरून एक खोके उतरवले आणि करंगळीएवढी जाड सुई माझ्यासमोर ठेवली. “हिनं मोजा होईल, पण हत्तीचा,” एवढे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

घोटाळा असा होता, की सुयांचे नंबर दोन आहेत. आपल्याकडे चालतो तो जुना इंग्रजी नंबर, ज्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरात आकडा वाढला की सुई जाड होते. त्यांची एक नंबर सव्वादोन मिलिमीटरची, आपली एक नंबर साडेसात मिलिमीटरची. आपली दहा नंबर सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची दहा नंबर चांगली सहा मिलिमीटरची. उलट दिशांनी निघालेल्या या दोन गाड्यांचे क्रॉसिंग सात नंबरला होते, कारण तिथे दोघांचीही सुई साडेचार मिलिमीटरची भरते. पण मोजेवाल्याला सातात काडीचा रस नाही, तो मिरजेला न उतरता पुढे जाणारा प्रवासी आहे.

एवढ्या साध्या गोष्टीत असा उलटा व्यवहार का असावा, हे मला उद्यमनगरात उमगले. जुन्या मित्राच्या शेडमध्ये चहा घेताना मी ‘तेरा नंबरची सुई’ म्हणालो, तर तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, “तेरा म्हणजे ब्याण्णव थौ. चौदा म्हणजे ऐंशी.” तो तारेच्या गेजचे, म्हणजे जाडीच्या नंबरांचे, कोष्टक म्हणत होता; थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंग्रजी सुयांचे नंबर हे त्या तारेच्या गेजचेच भाऊबंद आहेत. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची आणि दहा नंबरची सुईही तेवढीच. तार अधिकाधिक बारीक भोकांतून ओढत जावी तसा तिचा गेज चढत जातो, म्हणून मोठा आकडा म्हणजे बारीक तार. अडतीस वर्षे हे कोष्टक माझ्या ओठांवर होते आणि लोकरीच्या दुकानात मात्र मी अमेरिकन बाईंच्या नादाने एक नंबर मागत उभा होतो, याची मला खरोखर शरम वाटली.

नंबर तेरा ठरला. जातीचा प्रश्न उरला. पहिल्यांदा घेतल्या त्या दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या ॲल्युमिनियमच्या चार आखूड सुया. तीन सुयांवर टाके त्रिकोणात मांडायचे आणि चौथीने विणायचे, ही पद्धत जुनी आहे; जर्मनीतल्या मास्टर बर्ट्राम या चित्रकाराने इसवी सन १४०० च्या सुमारास रंगवलेल्या एका चित्रात मरियम बाळाचा अंगरखा अशाच सुयांवर गोल विणताना दिसते. तिच्या चेहऱ्यावर वैतागाचा लवलेश नाही. अर्थात तिच्यासमोर देवदूत उभे आहेत आणि माझ्यासमोर सौभाग्यवती उभ्या होत्या. ॲल्युमिनियम गुळगुळीत असल्यामुळे टाके भराभर सरकतात, परंतु ते दोन्ही दिशांना सरकतात, आणि दुसऱ्या टोकाला बोंड नाही याची आठवण टाके ओघळून गेल्यावरच होते. ज्या क्षणी विणायचे काम नसते त्या क्षणी सुई आपणहून निसटते आणि रात्री साडेदहाला शहाबादी फरशीवर तिचा जो आवाज होतो, त्याने शेजारचा कुत्राही उठतो. त्यातून जिथे एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे टाके सैल पडून मोज्यावर उभी शिडी तयार होते. नव्या सुईवरचे पहिले दोन टाके ओढून घट्ट विणले तर शिडी येत नाही. मी पहिलाच टाका एवढा ओढला, की सुई धनुष्यासारखी वाकली.

मग बांबूच्या पाच सुया आणल्या. बांबू हाताला ऊबदार लागतो, लोकर धरून ठेवतो, टाके पळत नाहीत, आणि पाच सुया असल्यामुळे चौसष्ट टाके सोळा-सोळाचे चार हिस्से करून चौकोनात सुखाने बसतात. माझे मत विचाराल तर नवशिक्याने हिच्याच वाटेने जावे. माझा मोजा घोट्यापर्यंत उतरला, टाच वळली, आणि त्या भरात मी तो पिशवीत घालून राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉल सामना पाहायला घेऊन गेलो. कोल्हापुरात फुटबॉलच्या सामन्याला विणकाम नेणारा मी पहिलाच नसेन अशी माझी समजूत होती. आजूबाजूच्यांची तशी नव्हती. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, सगळे स्टेडियम उठले, आणि खाली बसताना माझ्या शेजारचे गृहस्थ पिशवीवर बसले. सव्वादोन मिलिमीटरचा बांबू गृहस्थांच्या वजनाला पुरा पडत नाही. चारांवर काम भागले असते, ही गोष्ट नंतर सुचली. त्या दिवशी मात्र एक सुई मोडली तर सगळी जातच बदलायची, असा कौल मी स्वतःलाच लावला.

आखूड गोल सुईबद्दल फार लिहीत नाही. दोन ठेंगणी टोके, मध्ये प्लास्टिकची दोरी, एकूण लांबी तेवीस सेंटिमीटर. शिडी नाही, निसटणे नाही, गोल गोल फिरत राहावे. पण टोके इतकी आखूड की बोटांना धरायला जागा नाही, आणि पंजाकडे टाके कमी होत गेले की ते त्या वर्तुळावर पुरतच नाहीत, मग पुन्हा आखूड सुयाच काढाव्या लागतात.

त्यापेक्षा ऐंशी सेंटिमीटरची लांब गोल सुई हे प्रकरण हुशार आहे. तिच्यावर टाके बत्तीस-बत्तीसचे दोन हिस्से करून दोरीचा फास बाजूने बाहेर ओढायचा, एक अर्धा विणायचा, काम फिरवायचे, पुन्हा दोरी ओढायची. एकाच सुईवर कितीही लहान नळी विणता येते. मात्र नवी दोरी पाकिटातून गुंडाळीच्याच आकारात बाहेर पडते आणि सुतासारखी सरळ होत नाही. गरम पाण्यात बुडवली की दोरी मऊ पडते, असे कळल्यावर मी ती चहाच्या पातेल्यात बुडवली. दोरी सरळ झाली. पातेले कोणते होते यावरून दोन दिवस घरात बोलणे बंद होते, आणि त्या शांततेत मी बरेच विणले.

या सगळ्या खटाटोपानंतर मोजा काही ठिकाणी सैल, काही ठिकाणी आवळलेला असा झाला, तेव्हा आम्ही तो शिवाजी पेठेत सौभाग्यवतींच्या मावशींना दाखवायला नेला. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी न पाहता त्यांनी मोजा बोटांत चाचपला.

“जावईबापू, नंबर कसला बघताय? तुमचा हात घट्ट हाय. एक नंबर जाड सुई घ्या.”

“हात घट्ट आहे, हे मी पस्तीस वर्षं सांगतेय, मावशी,” सौभाग्यवती म्हणाल्या आणि दोघी बराच वेळ हसल्या.

मावशींचा सल्ला शास्त्रशुद्ध होता. घट्ट हाताला जाड सुई, सैल हाताला बारीक, आणि मध्येच सुईची जात बदलली तर तोच माणूस, तीच लोकर असूनही वीण बदलते. मी मात्र, घट्ट हाताचा माणूस असल्यामुळे, आणखी सुया विकत घेण्याऐवजी मित्राच्या शेडमध्ये गेलो, सायकलच्या पाच तारा मागितल्या, त्यांची आटे पाडलेली आणि वाकडी टोके कापली, ग्राइंडरवर दोन्ही बाजूंना अण्या काढल्या आणि पॉलिश पेपरने इतक्या घासल्या, की त्यांत तोंड दिसावे. मायक्रोमीटरने पाचही तारा तंतोतंत दोन मिलिमीटर दाखवल्या, म्हणजे चौदा नंबर. मावशींनी जाड सांगितली होती, मी आणखी बारीक केली. मित्राने ते पाहून “फिनिशिंग एक नंबर झालंय,” अशी दाद दिली, आणि मला खरे समाधान त्या दिवशी मिळाले.

त्या तारांवर पंजा विणून झाला. उरलेल्या अर्ध्या मोज्यापेक्षा तो थोडा अंगाबरोबर आहे, पण पायात जातो. आता बोटांपाशी सोळा टाके उघडे आहेत, आठ वर, आठ खाली. ते शिवणीचा कंगोरा न उठवता बंद करण्याच्या टाक्याला किचनरचे नाव आहे, तोच किचनर जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. मावशींनी फोनवर टाका समजावून सांगितला आणि शेवटी विचारले, “मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई हाय न्हवं घरात?”

मी खण उघडला. अठरांपैकी एकीलाही नेढे नव्हते.

मला स्कूटर लावताना पाहूनच दुकानदाराने गल्ल्यावरून हाक दिली. नेढ्याची बोथट सुई म्हटल्यावर त्याने काउंटरखालून एक डबी काढली, झाकण उघडले आणि विचारले, “कितीची देऊ काका? सोळा, अठरा, का वीस?”